काटकसरीनं घडवलं, काटकसरीनं पुसलं: जुन्या विज्ञान आणि भय मालिका गेल्या कुठे?

२५ जुलै १९५३, शनिवारची रात्र. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसी 'द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट' या मालिकेचा दुसरा भाग थेट दाखवते आहे. अवकाशात तिघे गेले होते, यानातून बाहेर आला एकटाच, आणि त्याच्या शरीरात काहीतरी परकं वाढू लागलं आहे. त्याच वेळी एक फिल्म कॅमेरा टीव्हीच्या पडद्यासमोर उभा राहून हा भाग फिल्मवर उतरवून घेतो आहे. तेवढ्यात एक किडा उडत येतो आणि त्या पडद्यावर बसतो. कॅमेरा त्यालाही टिपतो.

तो किडा आजही बघायला मिळतो. मालिकेचे शेवटचे चार भाग मात्र मिळत नाहीत. फिल्मची प्रत इतकी वाईट निघाली की दुसऱ्या भागानंतर हा उद्योगच थांबवला गेला. बाकीचे भाग त्या त्या शनिवारी हवेत गेले आणि तिथेच संपले.

अधूनमधून बातमी येते की 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या, काळातून प्रवास करणाऱ्या नायकाच्या विज्ञानमालिकेचा हरवलेला एखादा भाग कुठल्याशा देशात, कुणाच्या तरी डब्यात सापडला. ती वाचून बहुतेकांना साधा प्रश्न पडतो. इतकी नावाजलेली मालिका, इतकी मोठी संस्था, मग भाग हरवतातच कसे? आग लागली होती का? चोरी झाली होती का? तसं काही झालं नव्हतं. ते भाग पुसले गेले, तेही ठरवून, कागदोपत्री मंजुरी घेऊन. माझं म्हणणं असं की ज्या काटकसरीनं या मालिका घडवल्या तिनंच त्या पुसल्या, आणि जेवढ्या वाचल्या तेवढ्या पुन्हा तिच्यामुळेच वाचल्या. हे कसं, ते मुळापासून बघू.

टीव्ही म्हणजे तेव्हा नाटक होतं

१९५०च्या दशकातला टीव्ही सिनेमापेक्षा रंगभूमीच्या जवळचा होता. नट स्टुडिओत प्रवेश करत होते, तीन-चार कॅमेरे त्यांच्याकडे बघत होते, आणि जे दिसेल ते त्याच क्षणी घराघरांत पोचत होतं. चूक झाली तर ती सगळ्यांना दिसली. प्रयोग संपला की संपला.

पुन्हा दाखवायचं असेल तर पुन्हा करायचं, हाच नियम होता. डिसेंबर १९५४मध्ये बीबीसीनं जॉर्ज ऑरवेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीचं टीव्ही नाट्य सादर केलं. ते इतकं भेदक होतं की ब्रिटिश संसदेत त्यावरून गदारोळ झाला. चार दिवसांनी ते पुन्हा दाखवलं, म्हणजे सगळे नट पुन्हा स्टुडिओत आले आणि त्यांनी अख्खं नाटक पुन्हा केलं. आज जी प्रत आहे ती या दुसऱ्या प्रयोगाची. पहिल्याचं काही शिल्लक नाही.

प्रत ठेवायचीच असेल तर एक उपाय होता: टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावायचा. याला ब्रिटनमध्ये टेलिरेकॉर्डिंग म्हणत, अमेरिकेत किनेस्कोप. पुढे मी याला नुसतं 'फिल्म-प्रत' म्हणेन. तो किडा का दिसतो ते आता कळेल. तो स्टुडिओत नव्हता, चित्र उतरवून घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या आणि पडद्याच्या मध्ये आला होता.

पैसा नसला की काय काय सुचतं

'क्वाटरमास'च्या सहाही भागांचं मिळून अंदाजपत्रक होतं सुमारे ४,००० पौंड. कॅमेरे युद्धाच्या आधीचे. शेवटच्या भागात वेस्टमिन्स्टर ॲबी या लंडनमधल्या जुन्या चर्चमध्ये एक अवाढव्य परग्रही जीव पसरलेला दाखवायचा होता. लेखक नायजेल नील यांनी काय केलं? ॲबीच्या आतल्या बाजूचा फोटो मोठा करून घेतला, त्याला भोकं पाडली, हातमोज्यांवर झाडपाला आणि चामड्याचे तुकडे चिकटवले, आणि ते मोजे घालून फोटोच्या मागून हात बाहेर काढले. पुढे त्यांची पत्नी झालेल्या जुडिथ केर यांनी यात साथ दिली. म्हणजे सबंध देशाला घाबरवणारा राक्षस हा लेखकाचा स्वतःचा हात होता.

अमेरिकेत ड्यूमाँट वाहिनीवर १९४९पासून 'कॅप्टन व्हिडिओ' ही अंतराळ मालिका थेट चालायची. तिच्या अवजारांचा आणि उपकरणांचा आठवड्याचा खर्च २५ डॉलर होता, असं सांगतात. तेवढ्यात विश्वाचं रक्षण करायचं होतं.

'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट जेमतेम २७ वर्षांच्या होत्या, पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन त्यांच्याहूनही तरुण. भागाला अडीच हजार पौंडांच्या आतबाहेर मिळत. नायकाचं कालयान कुठेही गेलं तरी तिथल्या परिसरासारखं रूप घेईल अशी कल्पना होती. पण दर कथेला नवं यान बांधायला पैसे कुठले? मग गोष्टीतच सांगून टाकलं की रूप बदलणारं यंत्र बिघडलं आहे, त्यामुळे यान लंडनच्या पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्याच्या रूपात अडकलं आहे. साठ वर्षं उलटून गेली, ते अजून तसंच आहे.

डालेक नावाच्या यंत्रशत्रूंचंही तसंच. रेमंड क्युसिक यांनी त्यांचा आराखडा केला. आत माणूस बसणार, पाय दिसणार नाहीत, आणि एका हाताच्या जागी तुंबलेलं मोरीचं तोंड मोकळं करायचा रबरी दट्ट्या. असे चार डालेक बनले. फौज दाखवायची वेळ आली तेव्हा मागे डालेकचे मोठे केलेले फोटो उभे केले.

आवाजाचं तर मला आजही नवल वाटतं. यान निघतानाचा तो घरघरत, धापा टाकत येणारा आवाज ब्रायन हॉजसन यांनी तयार केला. एका मोडक्या पियानोच्या जाड तारांवरून त्यांनी आपल्या आईच्या घराची किल्ली घासली, तो आवाज टेपवर घेतला आणि मग उलटसुलट करून, एकावर एक चढवून हवं ते साधलं. शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांचं, पण ते प्रत्यक्षात उतरवलं डेलिया डर्बीशर यांनी. तेव्हा वाजवायला सिंथेसायझर नव्हता. एकेक सूर टेपच्या तुकड्यावर घ्यायचा, त्याचा वेग बदलून उंची ठरवायची, तुकडा मोजून कापायचा आणि पुढच्याला चिकटवायचा. अख्खी चाल अशी हातानं जोडलेली आहे.

हे सगळं बघताना 'गरिबी लपवली' असं वाटत नाही. या मंडळींनी ती गोष्टीतच मुरवून टाकली. राक्षस धड दाखवता येत नाही म्हणून तो अंधारात ठेवला, आणि अंधारामुळे भीती वाढली. परग्रह बांधता येत नाही म्हणून खडीच्या खाणीत चित्रीकरण केलं, आणि ब्रिटिश प्रेक्षकांच्या एका पिढीसाठी परग्रह म्हटलं की राखाडी खाण हेच चित्र ठरलं.

मग टेप आली, पण ती पाटी होती

१९५६मध्ये अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीनं चित्र साठवणारं टेपयंत्र बाजारात आणलं. किंमत सुमारे ५०,००० डॉलर. टेप दोन इंच रुंद, आणि तासाभराचं एक रीळ सुमारे ३०० डॉलरना. त्या काळात ही रक्कम मोठी होती.

इथे फिल्म आणि टेप यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फिल्म म्हणजे शाईनं लिहिलेला कागद. एकदा उमटलं की उमटलं, तो कागद दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. टेप म्हणजे पाटी. तिच्यावरची चुंबकीय भुकटी हवी तशी मांडता येते, आणि पुसून पुन्हा मांडता येते. टेप विकत घेणाऱ्यांना हाच तिचा सर्वांत मोठा गुण वाटला. महागडी वस्तू, पण पुन्हापुन्हा वापरता येणारी. पाटी विकत घेऊन तिच्यावर एकदाच लिहून ती कपाटात ठेवणाऱ्याला त्या काळच्या हिशेबनिसानं उधळ्याच म्हटलं असतं.

टेपवर काटछाट करणंही सोपं नव्हतं. फिल्मवर चित्र डोळ्यांना दिसतं, टेपवर काहीच दिसत नाही. लोखंडाची बारीक भुकटी लावून, सूक्ष्मदर्शकातून बघून, पात्यानं कापावं लागे. शिवाय जोड बसलेली टेप पुन्हा वापरायला जवळपास बाद. म्हणून दिग्दर्शकांना सांगणं असे की कापू नका, सलग करा. आठवडाभर तालीम आणि शुक्रवारी संध्याकाळी स्टुडिओत सगळं क्रमानं, नाटकासारखं. नट अडखळला तरी पुढे चला.

'डॉक्टर हू'चा नायक, म्हणजे 'डॉक्टर', सर्वांत आधी साकारणारे विल्यम हार्टनेल वाक्यात गडबडतात, शब्द उलटसुलट करतात, ते यामुळे. अमेरिकेतल्या 'डार्क शॅडोज' या भयमालिकेत तर हे पावलोपावली दिसतं. १९६६ ते १९७१ अशी ती आठवड्यातून पाच दिवस, भर दुपारी चालली. १,२२५ भाग झाले. व्हँपायर, चेटकीण, भुतं, सगळं होतं. माइकची सावली भिंतीवर पडते, थडग्याचा दगड हात लागला की डुलतो, नटाच्या नाकावर माशी बसते आणि तो बिचारा संवाद म्हणतच राहतो. थांबून पुन्हा घेणं परवडणारं नव्हतं.

आणखी एक गोष्ट या मालिका पाहणाऱ्याला खटकते. माणूस घराच्या आत असतो तेव्हा चित्र गुळगुळीत, झगझगीत. दाराबाहेर पाऊल टाकलं की एकदम सिनेमासारखं मळकट, दाणेदार. आतलं टीव्ही कॅमेऱ्यानं घेतलेलं असे, बाहेरचं १६ मिलिमीटर फिल्मवर, कारण टीव्हीचे अवजड कॅमेरे बाहेर नेणं जिकिरीचं होतं.

'ठेवले असते तर काय बिघडलं असतं?'

टेपची किंमत हे एक कारण झालं. पण तेवढंच धरलं तर अर्धीच गोष्ट कळते.

दुसरं कारण करारांचं. ब्रिटनमधल्या नट आणि वादकांच्या संघटनांना भीती होती की जुने कार्यक्रम परत परत दाखवले तर नवं काम कमी होईल. त्या काळी ही भीती रास्तच होती. म्हणून करारात असे की भाग ठरावीक मुदतीत, ठरावीक वेळाच दाखवता येईल. त्यापुढे दाखवायचा तर पुन्हा परवानगी, पुन्हा मानधन. मुदत टळली की तो भाग दाखवता न येणारी, जागा अडवणारी वस्तू उरे.

तिसरं कारण रंगाचं. बीबीसी-२वर १९६७मध्ये आणि बीबीसी-१वर १९६९मध्ये रंग आला. रंगीत संच घेतलेल्या माणसाला जुनं काळं-पांढरं कोण दाखवणार? आणि घरी बसून हवा तो भाग लावता येईल अशी सोय तेव्हा नव्हती. विक्रीला ठेवता येईल असा हा माल आहे, हे कुणाच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं.

चौथं कारण माझ्या मते सर्वांत घातक, आणि त्यात पैशाचा संबंध सर्वांत कमी. जबाबदारी कुणाचीच नव्हती. बीबीसीची फिल्म लायब्ररी फिल्म सांभाळायची, टेप तिच्या कक्षेत नव्हती. टेप तांत्रिक विभागाकडे, त्यांना ती पुन्हा वापरायला हवी. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म-प्रती एंटरप्रायझेस या विक्री विभागाकडे, आणि विक्रीचे हक्क संपले की त्यांच्या लेखी त्या प्रती म्हणजे अडगळ. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याकडे एक प्रत असेलच. त्यामुळे एका ठिकाणी टेप पुसली जात होती आणि दुसऱ्या ठिकाणी तिचीच फिल्म-प्रत टाकून दिली जात होती.

'डॉक्टर हू'च्या पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले. त्यांच्या मूळ प्रक्षेपणाच्या टेपा साऱ्या पुसल्या गेल्या. 'ए फॉर अँड्रोमेडा' (१९६१) ही परग्रहाहून आलेल्या संदेशाची मालिका जवळपास सगळीच गेली. १९६९च्या चंद्रस्वारीच्या रात्रीचं बीबीसीचं स्वतःचं स्टुडिओतलं प्रक्षेपणही बहुतांशी उरलं नाही. तेव्हा 'विज्ञानकथा म्हणून हलकं मानलं आणि पुसलं' असं म्हणता येत नाही. नाटकं, विनोदी कार्यक्रम, बातम्या, सगळ्यांवर एकच बोळा फिरला. बीबीसीत काय ठेवायचं हे ठरवणारी जागा निर्माण झाली आणि तिच्यावर सू माल्डन आल्या, तेव्हा कुठे १९७८च्या सुमारास हे थांबलं.

अमेरिकेत ड्यूमाँट वाहिनी १९५६मध्ये बंद पडली. अभिनेत्री एडी ॲडम्स यांनी १९९६मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसपुढे साक्ष दिली की वाहिनीचा उरलेला संग्रह १९७०च्या दशकात ट्रकांत भरून नेला आणि न्यूयॉर्कच्या उपसागरात बुडवला. 'कॅप्टन व्हिडिओ'चे शेकडो भाग झाले होते. आज हाताच्या बोटांवर नाही, पण दोन-तीन डझनांत मोजता येतील एवढेच उरलेत.

मग उरलं ते कसं उरलं?

इथे काटकसर पुन्हा समोर येते, आणि या खेपेला मदतीला.

बीबीसीला परदेशात मालिका विकून चार पैसे मिळवायचे होते. पण दोन इंची टेप महाग, शिवाय देशोदेशींची टीव्ही पद्धत वेगळी. एका देशाची टेप दुसऱ्याच्या यंत्रावर चालायची नाही. १६ मिलिमीटर फिल्म मात्र कुठेही चालते. म्हणून स्वस्त पर्याय म्हणून भाग फिल्मवर उतरवले आणि त्या प्रती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, नायजेरिया अशा अनेक देशांत गेल्या. त्यातही बचत: प्रत्येक देशाला नवी प्रत न देता एकीकडचं काम झालं की तीच प्रत पुढच्या देशाकडे धाडायची. शेवटच्या देशानं परत पाठवायची किंवा नष्ट करून तसं कळवायचं. कुणी कळवलं आणि नष्ट केलं. कुणी केलं नाही. कुणी डबे मागच्या खोलीत ठेवले आणि विसरून गेलं.

'डॉक्टर हू'ची १९६७मधली 'टूम ऑफ द सायबरमेन' ही चार भागांची कथा अख्खी गेली असं धरून चालले होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती हाँगकाँगमध्ये सापडली. १९८३मध्ये लंडनच्या एका चर्चच्या तळघरात दोन भाग मिळाले. १९९९मध्ये न्यूझीलंडमधल्या एका संग्राहकाकडे एक. सर्वांत मोठं घबाड २०१३मध्ये: फिलिप मॉरिस यांना नायजेरियातल्या जोस शहरात एका टीव्ही केंद्रावर डबे मिळाले, आणि त्यांत नऊ हरवलेले भाग निघाले. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' पूर्ण झाली. 'द वेब ऑफ फिअर'चा तिसरा भाग तेवढा राहिला. एवढं होऊनही नव्वदहून अधिक भाग अजून गायब आहेत.

'डार्क शॅडोज'चं मात्र उलट झालं. ती पुनर्प्रक्षेपणासाठी विकायची म्हणून टेपा राखल्या गेल्या, आणि १,२२५ भागांपैकी चित्रासह गहाळ आहे फक्त एक. 'द ट्वायलाइट झोन' मुळातच फिल्मवर चित्रित होत होती, म्हणून ती सुरक्षित. तिच्याही निर्मात्यांनी १९६०च्या सुमारास भागामागे सुमारे ५,००० डॉलर वाचवायला सहा भाग टेपवर करून पाहिले. ते लगेच वेगळे ओळखू येतात, स्टुडिओतल्या नाटकासारखे. प्रयोग तिथेच थांबला.

असाच एक योगायोग 'डॉक्टर हू'च्या वाट्याला आला. जानेवारी १९७०मधली तिची पहिली रंगीत कथा संपामुळे स्टुडिओत करता आली नाही, म्हणून सबंध फिल्मवर झाली. परिणाम असा की ती आज त्या काळातल्या बाकीच्या सगळ्या कथांपेक्षा स्वच्छ दिसते.

आवाज आहे, चित्र नाही

'डॉक्टर हू'च्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. एकही सुटलेला नाही.

हे कुठल्या संस्थेनं केलेलं काम नाही. १९६०च्या दशकात काही मुलं घरचा टेपरेकॉर्डर टीव्हीशेजारी ठेवायची, माइक स्पीकरसमोर धरायची आणि घरच्यांना गप्प बसायला सांगायची. भाग पुन्हा दिसणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांना निदान ऐकता यावा एवढंच हवं होतं.

चित्राचीही थोडी भरपाई आहे. जॉन क्युरा नावाचे एक गृहस्थ टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून नटांना, दिग्दर्शकांना विकत. नटाला आपलं काम दाखवायला दुसरं साधन नव्हतं. एका भागाचे साठ-सत्तर फोटो. आवाज आणि हे फोटो एकत्र लावले की गोष्ट बरीच उभी राहते.

आणि ऑस्ट्रेलियाचे तुकडे. तिथल्या सेन्सॉरनं मुलांना फार भीतिदायक वाटतील अशी दृश्यं कापून काढली आणि नियमाप्रमाणे ते तुकडे सरकारी दप्तरात जपून ठेवले. १९९६मध्ये दोन चाहत्यांनी ते शोधून काढले. काही भागांचं उरलेलं हलतं चित्र आज एवढंच आहे: गळा दाबला जातानाचे, किंचाळतानाचे काही सेकंद. ज्या भागांतलं बाकी सगळं गेलं, त्यांतलं सर्वांत भयानक तेवढं टिकलं.

पहिल्या डॉक्टरचं रूप बदलून दुसरे डॉक्टर, पॅट्रिक ट्रॉटन, येतात तो भाग २९ ऑक्टोबर १९६६चा. हार्टनेल यांची प्रकृती ढासळली होती, नट बदलावा लागणार होता, आणि त्यातून ही कल्पना निघाली जिच्यावर मालिका आजवर चालली आहे. तो भाग हरवलेला आहे. चेहरा बदलतो ते क्षण तेवढे आहेत, कारण 'ब्ल्यू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा दाखवला होता.

काळ्या-पांढऱ्या फिल्ममधून रंग कसा काढतात?

१९७०च्या दशकातल्या काही भागांची रंगीत टेप पुसली गेली आणि परदेशासाठी काढलेली काळी-पांढरी फिल्म उरली. तिच्यातून खरा रंग परत मिळवला गेला आहे. हे ऐकून लोक म्हणतात, म्हणजे संगणकानं रंग भरले असणार. तसं नाही.

वहीच्या वरच्या पानावर दाबून लिहिलं की खालच्या कोऱ्या पानावर वळ उमटतात, आणि पेन्सिल आडवी घासली की अक्षरं वाचता येतात. तसंच हे. रंगीत प्रक्षेपणात रंगाची माहिती एका बारीक लहरीच्या रूपात चित्रात मिसळलेली असते. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ती लहर बारीक ठिपक्यांच्या जाळीसारखी दिसते. फिल्म-प्रत काढताना ही जाळी गाळून टाकणं अपेक्षित होतं, पण बऱ्याचदा ती तशीच राहिली आणि फिल्मवर उमटली. अनेक वर्षं तो दोष मानला गेला. बीबीसीतले जेम्स इन्सेल यांना सुचलं की रंग या ठिपक्यांतच दडला आहे. त्यातून जे तंत्र उभं राहिलं त्यानं ठिपक्यांची जागा आणि सरकणं मोजून मूळ रंग काढला. अंदाज नाही, नोंद वाचली.

दुसरं तंत्र हालचालीचं. जुना टीव्ही चित्र एकदम दाखवत नसे. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रं. फिल्म-प्रतीत सेकंदाला २५च चित्रं येतात. म्हणून थेट प्रक्षेपणाचा तो ताजा, समोर घडतंय असा भास फिल्म-प्रतीत मरतो, आणि आपण म्हणतो 'फारच जुनं वाटतं'. आता मधली चित्रं संगणकानं शेजारच्या चित्रांवरून तयार करतात. ती अंदाजानं केलेली असतात हे खरं, पण परिणाम बघण्यासारखा आहे. १९६४चा भाग एकदम स्टुडिओच्या काचेपलीकडे चालू असल्यासारखा दिसू लागतो.

'मग हरवलेलं सगळं संगणकाकडूनच करून घ्या'

काही अंशी ते होतंच आहे. मूळ आवाजावर सचेतपट बेतून अनेक हरवलेल्या कथा पुन्हा प्रसिद्ध झाल्या. २०१६ची 'द पॉवर ऑफ द डालेक्स' ही त्यांतली ठळक. गोष्ट कळायला त्या उत्तम आहेत, आणि त्या आहेत याचा मला आनंद आहे.

पण ट्रॉटन यांच्यासारखा नट संवादाच्या मध्ये भुवई कशी उचलतो, हात कुठे ठेवतो, हे आवाजात नोंदलेलं नसतं. यंत्र एक भुवई नक्की उचलून देईल. ती त्यांनी उचललेली नसेल. ठिपक्यांतून काढलेला रंग आणि कल्पनेनं घातलेला रंग यांत जो फरक, तोच इथे.

'सेट डुलतात, राक्षस रबरी. जपायचं कशाला?'

हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून सरळ उत्तर देते. सगळंच थोर नाही. कित्येक भाग रेंगाळतात, कित्येक कथा सहा भागांत ताणलेल्या आहेत, काहींतले पूर्वग्रह आज बघवत नाहीत.

पण डुलणारी भिंत बघून हसताना आपण एक गोष्ट विसरतो. तो भाग १२ इंची, ४०५ ओळींच्या अंधुक पडद्यावर, एकदाच बघायचा म्हणून बनवला होता. पुढे कुणी तो मोठ्या पडद्यावर थांबवून, मागे नेऊन तपासेल हे बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तिथे भिंत दिसायचीच नाही, दिसायचा तो चेहरा. त्यामुळे लिहिणाऱ्यानं सगळा भार माणसांवर टाकला. 'क्वाटरमास'चा शेवट आठवा: शास्त्रज्ञ राक्षसाला बॉम्बनं मारत नाही. त्याच्यात विरघळलेल्या तीन माणसांना तो हाक मारतो, त्यांना आपण माणूस असल्याची आठवण करून देतो, आणि ती माणसं आतून त्या जीवाचा शेवट करतात. बॉम्बचा खर्च परवडला नसता हे खरं. पण परवडला असता तर ही गोष्ट सुचली असती असं मला वाटत नाही. आणि हा प्रसंग आपण संहितेत वाचू शकतो, बघू शकत नाही.

'आता सगळं डिजिटल आहे, असं पुन्हा होणार नाही'

मला तशी खात्री वाटत नाही. 'विलो' ही मालिका नोव्हेंबर २०२२मध्ये डिस्ने प्लसवर आली आणि मे २०२३मध्ये तिथून काढली गेली. सहा महिने. कारण हिशेबाचंच होतं. मूळ फाइल कंपनीकडे असेलही, पण बघणाऱ्याच्या हातात काही नाही. १९६५च्या मुलाकडे निदान माइक होता.

शोध अजून चालू आहे, आणि आता त्याला घाई आहे. उरलेले भाग असतील तर ते बहुधा खासगी संग्राहकांकडे, १६ मिलिमीटरच्या डब्यांत असतील. ज्यांनी ते पन्नास वर्षांपूर्वी जमवले ती पिढी आता म्हातारी झाली आहे. डब्यावर बहुतेकदा नाव नसतं, किंवा चुकीचं असतं. आणि ही फिल्म ॲसिटेटची असते. ती दमट, गरम जागेत राहिली की आतून आंबू लागते. डबा उघडताना व्हिनेगरचा उग्र वास आला की समजायचं, आकसणं सुरू झालं आहे. मग ती प्रोजेक्टरला लावायची नाही, हातानं उलगडायची नाही. झाकण बंद करून थंड, कोरड्या जागी ठेवायची आणि त्याच दिवशी चित्रपट-संग्रहालयाला फोन करायचा.